मर्दानगीच्या वाक्याआधीचं भांडण

संपादक महोदय,

लॉरेन हॅन्सबेरी यांच्या, शिकागोतल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबावरच्या ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) या नाटकाचा विषय निघाला की शेवटचं एक वाक्य हमखास उचललं जातं. आपला वॉल्टर आज खरा पुरुष झाला, अशा अर्थाचं त्याची आई लीना सुनेला, म्हणजे वॉल्टरच्या बायकोला, रूथला म्हणते. लगेच नाटकाचा निकाल लागला असं धरून मंडळी मोकळी होतात.

त्याआधी काय घडतं ते संहितेत पाहावं. आफ्रिकेत डॉक्टरकी करण्याचं खूळ सोड आणि पैसेवाल्याशी लग्न कर, असं बहिणीला दरडावत वॉल्टर बाहेर पडतो. बेनीथाही तितक्याच जोरात भांडते. हा राग मोठ्या आवाजातला आणि खरा हवा, अशी लेखिकेची सूचना आहे. आवाज विरतात न विरतात तोच आई ते वाक्य बोलते. प्रयोगात हे भांडण भावंडांची लाडीक चेष्टा म्हणून उरकलं, की वाक्यातला काटा जातो आणि उरते आरती.

हिशोबही बघा. वारलेल्या वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर. ३,५०० घराच्या डाउन पेमेंटला जातात. उरलेले ६,५०० आई वॉल्टरच्या हाती देते, आजपासून घरचा कर्ता तू म्हणून. त्यातले ३,००० बेनीथाच्या शिक्षणासाठी बँकेत टाकायचे होते. तेही दारूच्या दुकानापायी बुडतात. घराचे हप्ते फेडायला शिकागोतल्या स्वयंपाकघरांत राबायची तयारी कोण दाखवतं? पोटुशी रूथ.

पहिल्याच प्रवेशात याची पेरणी आहे. वॉल्टर-रूथचा मुलगा शाळेसाठी ५० सेंट मागतो, रूथ नाही म्हणते. वॉल्टर तिच्याकडे रोखून पाहत ५० देतो, वर आणखी ५०. थोड्या वेळाने वॉल्टरच दाराशी परत येतो, रूथकडे गाडीभाडं मागायला! (पेशाने दुसऱ्याची मोटार चालवणारा माणूस.) नाणी हातातून हातात जाताना प्रेक्षकांना दिसलीच पाहिजेत. नुसता हात हलवून चालत नाही.

गोऱ्यांच्या वस्तीत राहायला येऊ नका म्हणून पैसे देऊ करणाऱ्या लिंडनरला वॉल्टरने शेवटी दिलेला नकार यामुळे लहान होत नाही. पण तिथेही वॉल्टर बाहीने तोंड पुसत, अवघडत पुढे येतो. नट सुरुवातीपासूनच छाती काढून भाषण ठोकायला लागला, तर त्याला काय ओलांडायचं होतं ते कळतच नाही.

– एक नाट्यअभ्यासक