'सहमत' मी दाबलं, कारण दुसरं बटणच नव्हतं

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक सेवा प्रमुख

विषय : ११ एप्रिलच्या अपडेटनंतर फोनवर आलेल्या जाहिराती, न विचारता बसलेली ॲप, माझ्या ग्राहकांचे नंबर मागणारी परवानगी आणि आज तुमच्या हेल्पलाइनवर झालेला अपमान

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनला केलेला फोन हा माझा सातवा. ४२ मिनिटं चालला. तो ठेवला आणि लगेच लिहायला बसले. फोन कुठला, त्यात काय काय आहे हे तुम्हाला सांगत बसत नाही. तो तुम्हीच बनवलाय. बिल, खोक्यावरचा आयएमईआय नंबर, तक्रार क्रमांक आणि १६ स्क्रीनशॉट सोबत जोडलेत.

गेल्या दिवाळी पाडव्याला राजारामपुरीतल्या दुकानातून १८,९९९ रुपये रोख मोजून हा फोन घेतला. ११ एप्रिलच्या रात्रीपर्यंत माझी एका शब्दाची तक्रार नव्हती. त्या रात्री चार्जिंगला लावताना "महत्त्वाचे सुरक्षा अपडेट" अशी पाटी आली. खाली दोन बटणं : "आत्ता इन्स्टॉल करा" आणि "आज रात्री इन्स्टॉल करा". नको म्हणायची सोयच नव्हती. सकाळी बघते तर लॉक स्क्रीनवरचा लेकीच्या लग्नातला फोटो गेलेला आणि त्या जागी पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या कुणाची तरी जाहिरात. पुढं सरकवली तर वजन कमी करायची पावडर. मी न घेतलेली चार ॲप बसलेली : दोन गेम, एक खरेदीचं, एक कर्जाचं. चारही काढून टाकली. ३ मे रोजी पुन्हा एक छोटं अपडेट आलं आणि त्यातली तीन परत हजर.

एप्रिल-मे म्हणजे आमचा हंगाम. मी कांदा-लसूण चटणी करून विकते, चौदा वर्षं झाली. कोल्हापुरात वर्षाची चटणी याच दोन महिन्यांत होते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणायची, देठ काढायचे, उन्हात वाळवायची, मसाला भाजायचा, मग डंकावर रांगेत बसून कुटून घ्यायची. ऑर्डर सगळ्या फोनवर. हाताला तिखट असतं म्हणून मी बोटाच्या मागच्या पेरानं स्क्रीन वर सरकवते. नेमकं तिथंच तुम्ही "अधिक पाहा" ठेवलंय. डंकावर पंधरा-वीस बायका बसलेल्या, पुण्याच्या एका ताईंचा फोन वाजून बंद झाला म्हणून मी तो परत लावायला गेले, तर कर्जाचा व्हिडिओ मोठ्या आवाजात सुरू झाला. बंद करायची फुली मुगाच्या दाण्याएवढी, उजव्या कोपऱ्यात. तिखटाच्या हातानं ती दाबली जाईना. शेजारणीनं विचारलं, "काकी, कर्ज काढताय काय?" मी आजवर कुणाचं पाच पैशाचं कर्ज घेतलेलं नाही. माझ्या धंद्यात पत हीच पुंजी आहे आणि माझ्याच पैशानं घेतलेला फोन चार लोकांत माझी पत घालवतोय.

अपडेट नकोत असं मी म्हणत नाही. गूगल वेळोवेळी ॲंड्रॉइडच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर करतं आणि त्या घेतल्या पाहिजेत, हे मला कळतं. माझी बँक, माझं यूपीआय याच फोनवर आहे. पण त्या दुरुस्त्यांत कर्जाची जाहिरात नसते. ती तुम्ही घातली. दुरुस्ती आणि जाहिरात एकाच गाठोड्यात बांधून तुम्ही माझ्या दारात ठेवलीत. गाठोडं घेतलं नाही तर माझे बँकेतले पैसे धोक्यात, घेतलं तर तुमची जाहिरात माझ्या उरावर. आणि एकदा घेतलं की मागं जायची वाट बंद. जुनी आवृत्ती परत टाकून द्या, असं मी पहिल्याच फोनवर म्हटलं होतं. "तशी सोय नाही" एवढंच उत्तर मिळालं. २०१८ साली इटलीत ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड झाला, त्यात हाच मुख्य मुद्दा होता : ग्राहकाला अपडेट घ्यायला लावलं, त्यानं फोन मंदावला आणि पहिल्यासारखा करायचा उपाय दिला नाही. माझाही फोन आता दुपारी बारालाच ४० टक्क्यांवर येतो आणि हातात धरवत नाही इतका तापतो.

आता नंबरांची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. अपडेटनंतर तुमचा फाइल मॅनेजर उघडायला गेले की तो आधी संपर्क यादी आणि लोकेशन मागतो. मला मिरचीच्या व्यापाऱ्यानं पाठवलेलं बिल उघडायचं होतं. त्यासाठी माझ्या ग्राहकांचे नंबर कशाला पाहिजेत? "सहमत" हे निळं, मोठं बटण. दुसरं करड्या अक्षरातलं "बाहेर पडा". ते असून नसल्यासारखं, कारण बाहेर पडलं की बिल उघडत नाही. व्यापाऱ्याचा माणूस दारात टेम्पो घेऊन उभा होता. मी "सहमत" दाबलं.

त्या यादीत ६४० नंबर आहेत. पुण्या-मुंबईच्या सुना, दुबईला गेलेली मुलं, आमच्या बचत गटातल्या ११ बायका. कित्येकींचे पत्ते नावासमोरच लिहिलेत, कारण पार्सल पाठवायचं असतं. त्या बायकांनी नंबर मला दिले, तुम्हाला दिले नाहीत. ते कुठं गेले, कुणाला दिले, किती दिवस ठेवणार, हे मी चार फोनवर विचारलं. एकदाही उत्तर मिळालं नाही.

तुमचं गोपनीयता धोरण मी वाचलं. चष्मा लावून, दोन रात्री. मराठी निवडलं तर पहिल्या पानावर "आपला अनुभव श्रीमंत करण्यासाठी आम्ही आपल्या संपर्कांना गोळा करू शकतो" असं लिहिलंय. ही मराठी कुठल्या माणसानं लिहिलेली नाही. तिसऱ्या पानापासून तर सगळं इंग्रजीच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला पाहिजे. मराठी त्या २२ भाषांत आहे. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात एक उदाहरण दिलंय : फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारं ॲप रुग्णाकडं तिची संपर्क यादी मागतं, ती हो म्हणते, तरीही सल्ल्यासाठी यादी लागत नाही म्हणून ती संमती यादीपुरती धरायची नाही. डॉक्टरला जी यादी घेता येत नाही ती बिल उघडून दाखवणाऱ्याला कशी घेता येईल? कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं आहे, हे मला माहीत आहे. ती पूर्ण व्हायची वाट बघत तुम्ही तोवर हात मारून घ्यायचा, असा त्याचा अर्थ होत नाही.

पाचव्या फोनवर मला सर्व्हिस सेंटरला जायला सांगितलं. गेले. काउंटरवरच्या पोरानं जॉब शीट, म्हणजे दुरुस्तीला फोन देताना भरायचा कागद, पुढं केली. त्यावर नऊ ठिपके छापलेले. म्हणाला, "काकी, पॅटर्न काढा इथं." कुठून सुरू होतो तिथं बाणही काढायचा. म्हणजे माझ्या घराची किल्ली बॉलपेननं कागदावर काढून द्यायची! माझ्या आधीच्या तिघांच्या शीट तिथंच काउंटरवर पडल्या होत्या, तिघांचेही पॅटर्न मला उलट्या बाजूनं दिसत होते. खाली बारीक अक्षरात : डेटा गेल्यास कंपनी जबाबदार नाही. उपाय एकच, सगळा फोन पुसून कोरा करायचा. मी विचारलं, "बाळा, कोरा केल्यावर जाहिराती जातील?" तो खरं बोलला. "नाही काकी, त्या सिस्टीममध्येच आहेत." त्या पोरावर माझा राग नाही. फोन घेऊन परत आले.

आणि आजचा फोन. हे सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडं रेकॉर्डिंग असेल. सुरुवातीलाच "गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होत आहे" असं तुम्हीच सांगता. ते काढून ऐका. मराठीसाठी ३ दाबलं. अठरा मिनिटं संगीत. मग हिंदीतून बोलणारे एक गृहस्थ. मी मराठीत सांगितलं, ते म्हणाले, हिंदीत बोला. मी हिंदीत सांगितलं. जाहिराती, ॲप, नंबर, पॅटर्न, सगळं क्रमानं. ते मध्येच म्हणाले, "मॅडम, आपने ही तो अलाऊ किया है." मी म्हटलं, दुसरं बटण नव्हतं. ते म्हणाले, "बटन तो आपने ही दबाया ना?" मी म्हटलं, माझे नंबर कुठं आहेत तेवढं सांगा. थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "घर में कोई बच्चा है, जो फोन समझता हो? उसको दीजिए."

मला आधी वाटलं चुकून ऐकलं. परत विचारलं. परत तेच : "कोई बच्चा हो तो दीजिए, आपको समझ में नहीं आएगा."

माझं वय ५४. हंगामात आठशे किलो चटणी जाते. पार्सलचा, जीएसटीचा हिशेब मी स्वतः बघते. काय झालंय ते मला नीट समजलंय, म्हणूनच मी सात वेळा फोन केला. न समजणारी असते तर पहिल्याच दिवशी गप्प बसले असते, जशा बाकीच्या लाखो बायका बसल्या असतील आणि तुम्ही त्यांना "सहमत" धरून चालला असाल. मी वरिष्ठांना जोडा म्हटलं. "२४ ते ४८ घंटे में कॉलबैक आएगा." हे मी सातही वेळा ऐकलंय. एकदाही आलेला नाही. फोन ठेवल्यावर मेसेज आला : तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. समाधान कुणाचं झालं?

वाईट याचं वाटतं की आमच्या घरातला हा तुमच्याच कंपनीचा तिसरा फोन. २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीपर्यंत आलं तेव्हा दोन दिवस वीज नव्हती. तुमचा जुना फोन एका चार्जिंगवर दीड दिवस चालला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका; दर तासाला पातळी बघून आम्ही मिरचीची पोती माडीवर चढवली. तो फोन उघडला की समोर थेट पातळीचा मेसेज असायचा, जाहिरात नसायची. त्याच भरवशावर बचत गटातल्या सहा जणींना मी हाच फोन घ्यायला लावला. आता त्या सहाही जणी मला विचारतात, "ताई, तुमच्याही फोनवर कर्जाचं येतं काय?" त्यांना तोंड मला द्यावं लागतंय. पावसाळा सुरू झालाय, पाणी वाढायला लागलंय आणि फोन उचलला की आधी वजनाची पावडर दिसते.

मला पाहिजे ते असं. लॉक स्क्रीनवरच्या जाहिराती माझ्या आणि त्या सहा जणींच्या फोनवरून कायमच्या बंद करा, पुढच्या अपडेटमध्ये परत न आणता. माझ्या संपर्क यादीतलं काय घेतलं, कुणाला दिलं हे लेखी कळवा आणि घेतलेलं पुसा. फाइल उघडायला नंबर मागणं बंद करा. जॉब शीटवर पॅटर्न काढून घेणं आजच्या आज थांबवा. हे करायला तुम्हाला कुठलं अपडेटही लागत नाही. जमत नसेल तर फोन परत घ्या आणि १८,९९९ रुपये द्या.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघेन. नंतर कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानं मी राहते तिथंच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही आणि वकीलही लागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 'डार्क पॅटर्न'चे, म्हणजे स्क्रीनवर ग्राहकाला फसवून हवं ते करून घ्यायच्या युक्त्यांचे, १३ प्रकार सांगून त्यांना मनाई केली. सक्तीनं कृती करायला लावणं, सारखं टोचत राहणं आणि वेषांतर केलेली जाहिरात हे तिन्ही त्यात आहेत आणि तिन्हींचे स्क्रीनशॉट माझ्याकडं आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार आजच नोंदवली. तुम्हाला वाटत असेल चटणीवाली बाई कुठं जाते आयोगात, तर पुन्हा लिहिते : नंबर माझे एकटीचे नाहीत, ६४० जणांचे आहेत. मी जाणारच.

पत्र मराठीत लिहिलंय, उत्तर मराठीत द्या, माणसानं लिहिलेल्या मराठीत. फोन करायचा झाला तर घरातल्या मुलाला मागू नका, मला करा. दुपारी दोन ते चार मी घरी असते.

तक्रारदार,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर