स्पर्धेआधीचे शेवटचे पंधरा दिवस: सराव कमी करावा, बंद करू नये

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनविषयी आपल्या क्रीडा पानावर अलीकडे बरेच छापून येते, याचा मला मनापासून आनंद आहे. 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल चालवणे आणि त्यानंतर 42.2 किलोमीटर धावणे, हे सारे बहुधा 17 तासांच्या मुदतीत पुरे करणाऱ्या माणसाविषयी वाचकांना कुतूहल वाटणारच. मात्र अशा वृत्तांतांमध्ये एका गोष्टीचे कौतुक वारंवार होते, आणि त्याबद्दलच मला लिहायचे आहे. अमक्या स्पर्धकाने अगदी आदल्या आठवड्यापर्यंत सरावात तसूभरही कसर ठेवली नाही, असे आपण अभिमानाने छापता. अनेक वर्षे या खेळाचे प्रशिक्षण देत असल्याने मी खात्रीने सांगते की ते वाक्य वाचून नवखे स्पर्धक त्याचे अनुकरण करतात, आणि महिनोन्‌महिने घाम गाळून कमावलेली क्षमता थकलेल्या शरीरात अडकवून स्पर्धेला उभे राहतात.

सरावाने शरीरावर दोन परिणाम एकाच वेळी होतात. एक म्हणजे क्षमता वाढते आणि दुसरा म्हणजे थकवा साचतो; स्पर्धेच्या दिवशी दिसते ती या दोहोंची वजाबाकी. एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये हा विचार गणिती सूत्रात मांडला आणि आजची सरावाची नोंद ठेवणारी बहुतेक अ‍ॅप त्याच पायावर उभी आहेत. त्यांत क्षमतेसाठी साधारण 42 दिवसांचा आणि थकव्यासाठी 7 दिवसांचा कालावधी धरलेला असतो. हे आकडे प्रत्येकाला तंतोतंत लागू पडतात असे नाही, पण त्यांतला मुद्दा पक्का आहे: क्षमता सावकाश चढते आणि सावकाशच ओसरते, थकवा मात्र झटकन चढतो आणि तितक्याच लवकर उतरतो. म्हणूनच स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी केलेल्या पाच तासांच्या सायकलिंगमधून त्या स्पर्धेपुरते पदरात काहीच पडत नाही. पाय तेवढे भरून येतात.

सराव कमी केल्यावर शरीरात काय घडते, हेही पुरेसे अभ्यासले गेले आहे. रोजच्या मेहनतीने सतत अर्धवट रिकामे राहणारे स्नायूंतील ग्लायकोजेनचे, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचे, साठे पूर्ण भरतात, स्नायूतंतूंची झीज भरून निघून त्यांची ताकद परत येते, रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण सुधारते आणि झोप गाढ लागते. स्पर्धेआधी सराव असा ठरवून कमी करण्यालाच आपण टेपर म्हणतो, आणि ठरलेल्या दिवशी शरीर सर्वोत्तम अवस्थेत आणण्याला पीकिंग. ही अवस्था फार काळ टिकवता येत नाही, त्यामुळे वर्षभरात एक किंवा फार तर दोन स्पर्धांसाठीच ती राखून ठेवावी आणि बाकीच्या स्पर्धा सरावाचाच भाग मानाव्यात.

आता मुख्य प्रश्न, किती कमी करायचे. लॉरां बोस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये स्पर्धात्मक खेळाडूंवरील 27 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. सुमारे दोन आठवड्यांचा टेपर, सरावाच्या एकूण प्रमाणात 41 ते 60 टक्के कपात, आणि तीव्रता व आठवड्यातील सत्रांची संख्या जवळपास तशीच, या मेळाने सर्वाधिक फायदा होतो असा त्यातून निष्कर्ष निघाला. कपातही एकदम न करता उतरत्या क्रमाने करावी. समजा एखादा स्पर्धक ऐन हंगामात आठवड्याला 14 तास सराव करत असेल, तर तीन आठवडे आधी त्याने सुमारे 11 तासांवर यावे, नंतरच्या आठवड्यात 7 ते 8 तासांवर, आणि स्पर्धेच्या आठवड्यात स्पर्धा वगळून चार तासांच्या आसपास थांबावे. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत दोन आठवड्यांच्या मागे हा एक सौम्य आठवडा जोडणे मला योग्य वाटते, कारण तिच्यासाठी साचलेला थकवाही मोठा असतो.

यात सर्वांत जास्त गैरसमज तीव्रतेबद्दल आहे. विश्रांती घ्यायची म्हटली की बहुतेक जण वेग सोडून देतात आणि रोज तासभर संथ धावत राहतात, किंवा उलट टोकाला जाऊन आठवडाभर अंथरुणाला पाठ लावतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात 1992 मध्ये मध्यम पल्ल्याच्या धावपटूंवर झालेला एक छोटा प्रयोग मला या संदर्भात नेहमी आठवतो. धावपटूंना आठवडाभराचे तीन वेगवेगळे टेपर करायला लावले होते: एकात निव्वळ विश्रांती, दुसऱ्यात मध्यम प्रमाणात संथ धावणे आणि तिसऱ्यात अत्यंत कमी, पण जोरकस धावणे. तिसऱ्या टेपरनंतर दमून थांबेपर्यंत धावण्याचा त्यांचा कालावधी 22 टक्क्यांनी वाढला, दुसऱ्यानंतर 6 टक्क्यांनी, आणि निव्वळ विश्रांतीनंतर तो किंचित घटला. हे धावपटू लांब पल्ल्याचे नव्हते आणि संख्येनेही थोडेच होते, त्यामुळे तो आकडा ट्रायथलॉनला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पुढच्या अनेक अभ्यासांनी दिशा तीच दाखवली आहे. सराव पूर्ण थांबवला तर काही दिवसांतच रक्तद्रवाचे प्रमाण घटू लागते, त्याच वेगाला हृदयाची गती चढते आणि अंग जड वाटू लागते.

प्रत्यक्षात याचे स्वरूप अगदी साधे असते. स्पर्धा रविवारी असेल तर मंगळवारी सव्वा तास सायकल चालवावी. पहिली वीस-पंचवीस मिनिटे सहज, मग स्पर्धेत ज्या जोराने चालवायची आहे त्या जोराचे सात-सात मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये पाच मिनिटे मोकळे पेडल, आणि शेवटी सावकाश परत. लगेच बूट बदलून दहा मिनिटे धावावे, म्हणजे सायकलवरून उतरल्यावर जड झालेले पाय जमिनीवर कसे पडतात याची आठवण शरीराला राहते. हे सत्र संपताना आणखी करावेसे वाटले पाहिजे, आणि नेमके तेव्हाच थांबता आले पाहिजे. नवख्या स्पर्धकाला हे थांबणे शिकवणे मला लांब पल्ला शिकवण्यापेक्षा अवघड जाते.

पोहणे, सायकल आणि धावणे या तिन्हींना एकच फूटपट्टी लावणे हीसुद्धा सर्रास दिसणारी चूक आहे. धावताना प्रत्येक पावलाला स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात, त्यामुळे तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ती भरून यायला वेळ लागतो. म्हणून सर्वांत लांब धाव स्पर्धेच्या किमान तीन आठवडे आधी संपवावी आणि कपातीची सुरुवात धावण्यापासून करावी. सायकलवर हा आघात नसतो, त्यामुळे शेवटची मोठी फेरी स्पर्धेच्या अडीच-तीन आठवडे आधीपर्यंत केली तरी चालते. पोहणे सगळ्यात शेवटी कमी करावे. अंतर निम्मे करावे, पण पाण्यात उतरण्याचे दिवस कमी करू नयेत, कारण हाताला पाण्याची पकड जाणवणे ही गोष्ट चार-सहा दिवसांच्या खंडानेही बोथट होते. वजनांचा जड व्यायाम शेवटच्या दहा दिवसांत नसलेला बरा.

टेपर सुरू होण्याआधीच्या आठवड्यांबद्दलही लिहायला हवे. आधी शरीर पुरते मोडून काढायचे आणि मग टेपरमध्ये ते दुप्पट उसळी घेईल, असा एक समज स्पर्धकांमध्ये आहे. फ्रान्समधील संशोधकांनी 2014 मध्ये ट्रायथलॉनपटूंवर केलेला अभ्यास याच्या उलट सांगतो. तीन आठवडे वाढीव सराव करून घेतल्यावर काही खेळाडू दमले, पण त्यांची कामगिरी टिकून राहिली. काहींची कामगिरीच घसरली. पुढच्या टेपरमध्ये अधिक सुधारणा झाली ती पहिल्या गटात, तर अति दमलेल्या गटात सुधारणा कमी आणि संसर्गजन्य आजार जास्त आढळले. ज्याला जिना चढताना धाप लागते, रात्री झोप लागत नाही, सकाळी उठल्यावरही हृदयाची गती नेहमीपेक्षा चढी असते आणि अंगात सारखी कणकण वाटते, त्याने टेपरची तारीख येण्याची वाट पाहू नये.

या काळात मनाची जी अवस्था होते तिच्याबद्दल वर्तमानपत्रात क्वचितच लिहिले जाते. सराव कमी होताच माणूस अस्वस्थ होतो. कधी न दुखलेला गुडघा अचानक ठणकू लागतो, घशात खवखव जाणवते, आणि वजनकाट्यावर किलो-दीड किलो वाढलेले पाहून सहा महिन्यांची मेहनत वाया गेली असे वाटते. वजनाचे कारण साधे आहे: स्नायूंत साठणारे प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते, आणि हे दोन्ही स्पर्धेच्या दिवशी कामी येतात. त्या भीतीने आहार तोडणारे स्पर्धक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे पाय धावण्याच्या टप्प्यात कसे गळून जातात तेही पाहिले आहे. पूर्ण टेपरभर जास्त खाण्याची गरज नसते. शेवटच्या 36 ते 48 तासांत मात्र शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 10 ते 12 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे क्रीडा आहारशास्त्र सांगते. 70 किलो वजनाच्या माणसासाठी हे 700 ते 840 ग्रॅम होतात. एवढे एकदम पोटात जाणे सोपे नसते, म्हणून त्याचा सराव आधीच एखाद्या लांब सत्राच्या आदल्या दिवशी करून पाहावा आणि त्या दोन दिवसांत तंतुमय पदार्थ कमी ठेवावेत. झोपेचेही तसेच आहे. स्पर्धेच्या आदल्या रात्री बहुतेकांना नीट झोप येत नाही, त्याची चिंता करू नये. त्याआधीच्या पाच-सहा रात्री मात्र भरपूर झोपावे.

नोकरी आणि घर सांभाळून सराव करणाऱ्या हौशी स्पर्धकांना माझे एक खास सांगणे आहे. टेपरमुळे मोकळे झालेले तास तुंबलेल्या कामांनी भरून टाकण्याचा मोह आवरावा, कारण दिवसभर उभे राहून केलेली धावपळ शरीराच्या हिशेबात विश्रांती म्हणून धरली जात नाही. शिस्तीचा फायदा हौशी स्पर्धकांनाही दिसतो. दीड लाखाहून अधिक हौशी मॅरेथॉन धावपटूंच्या नोंदी तपासून 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन आठवड्यांचा काटेकोर टेपर पाळणारे धावपटू जेमतेम टेपर करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे साडेपाच मिनिटांनी, म्हणजे 2.6 टक्क्यांनी सरस ठरले होते. शिस्त पाळणारी माणसे इतर बाबतींतही काटेकोर असतात, त्यामुळे हे सारे श्रेय एकट्या टेपरला देता येणार नाही. तरीही, कमी सराव करून नुकसान होते ही भीती त्यात कुठेही खरी ठरलेली नाही.

म्हणून माझी विनंती आहे की यापुढे एखाद्या स्पर्धकाची तयारी छापताना त्याच्या सर्वांत कष्टाच्या आठवड्यासोबत शेवटच्या तीन आठवड्यांचे तास आणि त्यांतील जोरकस तुकडेही छापावेत. त्यासोबत त्याचा नेहमीचा सराव किती होता हेही द्यावे, कारण आठवड्याला सहा-सात तासच सराव करणाऱ्याचा साचलेला थकवा मुळात कमी असतो. त्याने तीन आठवड्यांचा टेपर उचलला तर कमावलेलेही ओसरू लागते, त्याला आठ-दहा दिवस पुरतात.

आपली विश्वासू,
एक ट्रायथलॉन प्रशिक्षक