वीजवापर मापकाची सदोष मोजणी आणि त्यामुळे झालेला खर्च याबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : घरगुती वीजवापर मापकाची किंमत व त्यामुळे झालेला खर्च परत मिळणेबाबत, तसेच उपकरणाच्या जाहिरातीतील दावा दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : खरेदीची पावती, आपल्या ग्राहक सेवा विभागाशी झालेला ईमेल पत्रव्यवहार आणि चाचणीची चित्रफीत (प्रती सोबत जोडल्या आहेत).

महोदय,

गेल्या दिवाळीत आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मी घरातला वीजवापर मोजणारे क्लॅम्प पद्धतीचे उपकरण विकत घेतले. आमच्या वायरमनने आपल्या सूचनापत्रिकेप्रमाणे मेन स्विचजवळच्या फेज वायरवर क्लॅम्प बसवला, त्याचे ट्रान्समीटर भिंतीवर लावले आणि रिसीव्हर राउटरला जोडून दिला. जोडणीचे फोटो आपल्या प्रतिनिधींनी मागवले होते आणि ते पाहून जोडणी बरोबर असल्याचे त्यांनी लेखी कळवले आहे, त्यामुळे त्या मुद्द्यावर पुन्हा चर्चा होऊ नये अशी विनंती आहे.

माझी मुख्य तक्रार अशी की हे उपकरण वायरमधून वाहणारा विद्युतप्रवाह तेवढा मोजते, व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टर (व्होल्टेज व प्रवाहाच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष खर्च होणाऱ्या विजेचे प्रमाण) गृहीत धरते, आणि या गृहीतकांवर काढलेला आकडा ॲपमध्ये प्रत्यक्ष वॉट आणि युनिट म्हणून दाखवते. खोक्यावर आणि संकेतस्थळावर '98 टक्के अचूक' असे ठळक अक्षरांत छापले आहे. आकडे गृहीतकांवर आधारलेले असतात ही बाब मात्र खोक्यावर नाही, सूचनापत्रिकेत नाही आणि ॲपच्या पहिल्या पानावरही नाही. मी तिसऱ्यांदा पाठपुरावा केल्यानंतर आलेल्या ईमेलमध्ये ती प्रथमच मान्य करण्यात आली.

संशय कसा आला ते सांगते. एका बिलाच्या कालावधीत वीज कंपनीच्या मीटरवर 248 युनिट नोंदले गेले आणि त्याच तारखांसाठी आपल्या ॲपने 318 युनिट दाखवले. हा फरक सव्वा पटीहून अधिक आहे. ॲपने मध्येच 'आपला वापर 300 युनिटच्या पुढे गेला आहे' असा इशारा दिला आणि त्यापाठोपाठ घरात सतत चालणारे एखादे उपकरण, बहुधा फ्रिज, सदोष असल्याचा सल्ला दिला. महाराष्ट्रातल्या घरगुती वीजदराचे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे टप्पे आहेत आणि 300 च्या पुढच्या प्रत्येक युनिटचा दर एकदम वाढतो, त्यामुळे असा इशारा मिळालेले कोणतेही घर तो गांभीर्याने घेणारच. आम्ही फ्रिजच्या कारागिराला बोलावले. त्याने दाराचे रबर आणि थर्मोस्टॅट बदलले आणि त्याचे पैसे घेतले. ॲपमधला आकडा तसूभरही हलला नाही. त्यावर आपल्या ग्राहक सेवा विभागाने, वीज कंपनीचा मीटरच कमी नोंद करत असेल, तो तपासून घ्यावा, असे उत्तर दिले. त्याप्रमाणे रीतसर शुल्क भरून मी मीटर तपासणीचा अर्ज केला. कर्मचाऱ्यांनी घरी येऊन मीटरची अचूकता तपासणारे ॲक्युचेक यंत्र लावले आणि मीटरची चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत असल्याचा अहवाल दिला. मीटरवर अचूकता वर्ग 1.0 असे छापले आहे, म्हणजे एक टक्क्यापर्यंतची तफावत नियमात बसते. आमचा मीटर त्याहून चांगला निघाला.

यानंतर मी स्वतः चाचण्या घेतल्या. त्यांचा तपशील मुद्दाम सविस्तर देत आहे, कारण आपल्या तंत्रज्ञांना त्या कोणत्याही घरात तासाभरात करून पाहता येतील. आमच्या मीटरवरचा लाल दिवा एका युनिटमागे 3200 वेळा लुकलुकतो, आणि हा आकडा मीटरच्या पाटीवरच छापलेला आहे. ठरावीक वेळात दिवा किती वेळा लुकलुकला हे मोजले की त्या वेळचा खरा भार साध्या गुणाकार-भागाकाराने काढता येतो.

पहिली चाचणी संध्याकाळी, व्होल्टेज उतरलेले असताना, घरातले बाकी सगळे बंद ठेवून फक्त गीझर चालू करून घेतली. मीटरच्या पडद्यावर 205 व्होल्ट दिसत होते आणि लाल दिवा मिनिटाला 85 वेळा लुकलुकत होता. याचा अर्थ भार सुमारे 1594 वॉट होता. त्याच क्षणी आपले ॲप 1860 वॉट दाखवत होते. गीझरमधल्या कॉइलचा पॉवर फॅक्टर जवळजवळ एक असतो, तेव्हा इथला सगळा फरक व्होल्टेजचा आहे: प्रवाह पावणेआठ अँपिअर असताना त्याला 240 व्होल्टने गुणले की बरोबर 1860 येतात, म्हणजे ॲप 240 व्होल्ट गृहीत धरते. भर दुपारी व्होल्टेज 230 च्या आसपास असताना हीच चाचणी घेतली तेव्हा फरक चार-पाच टक्क्यांवर आला. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडते ही नवी गोष्ट नाही, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या उपकरणाने ती लक्षात घ्यायलाच हवी होती.

दुसरी चाचणी फ्रिजची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. कॉम्प्रेसर चालू असताना मीटरचा दिवा दहा मिनिटांत 59 वेळा लुकलुकला, म्हणजे भार सुमारे 111 वॉट. खात्रीसाठी प्लगमध्ये लावायचा एक साधा मापक शेजाऱ्यांकडून आणला. त्यानेही 111 वॉट, 225 व्होल्ट आणि 0.64 पॉवर फॅक्टर दाखवला. आपले ॲप 185 वॉट दाखवत होते. मोटर असलेली कित्येक उपकरणे, इन्व्हर्टरचा चार्जर आणि स्वस्त एलईडी दिवे जेवढा प्रवाह ओढतात त्या प्रमाणात वीज खर्च करत नाहीत, आणि घरगुती मीटर आमच्याकडून पैसे घेतो ते प्रत्यक्ष खर्च झालेल्या विजेचे. नुसत्या प्रवाहावरून युनिट काढणाऱ्या उपकरणाला हा फरक कळूच शकत नाही. म्हणूनच धडधाकट फ्रिज त्याला सदोष वाटला. जे उपकरण पॉवर फॅक्टर मोजत नाही त्याने ग्राहकाच्या घरातल्या फ्रिजबद्दल निदान करावे, हे मला अत्यंत बेजबाबदारपणाचे वाटते. एखाद्या कुटुंबाने या सल्ल्यावर विसंबून हप्त्यांवर नवा फ्रिज घेतला असेल तर त्यांचे नुकसान माझ्याहून कितीतरी मोठे आहे.

तिसरी चाचणी थोडक्यात सांगते. सगळे एमसीबी (वीज तोडणारी बटणे) खाली पाडले, मीटरचा दिवा लुकलुकायचा पूर्ण थांबला, राउटर आणि आपला रिसीव्हर वेगळ्या बॅटरीवर ठेवला, तरी ॲप 22 वॉट दाखवत राहिले. शून्य भाराला दिसणारे हे 22 वॉट महिनाभरात जवळपास 16 युनिट होतात. या चाचणीची अखंड चित्रफीत सोबत आहे. तिच्यात मीटर आणि मोबाइलचा पडदा एकाच चौकटीत दिसतात.

बिलाच्या अंदाजाबद्दलही नोंद घ्यावी. ॲपमध्ये प्रति युनिट एकच दर भरता येतो. महावितरणच्या बिलात मात्र टप्प्यांप्रमाणे वीज आकार, त्यावर प्रति युनिट वहन आकार, असेल तेव्हा इंधन समायोजन आकार, वापर काहीही असला तरी द्यावा लागणारा स्थिर आकार आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क असते. वापर कमी झाला की सर्वांत महाग टप्प्यातली युनिट आधी कमी होतात आणि स्थिर आकार तसाच राहतो. त्यामुळे वाचलेल्या युनिटचे मोल सरासरी दराने काढता येत नाही. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की आमचा वापर 300 च्या आसपास रेंगाळतो. अशा घराला कोणती युनिट वाचवल्यावर किती पैसे वाचतील हेच तर जाणून घ्यायचे असते. 'बिल कमी करा' या घोषवाक्याखाली विकलेल्या वस्तूत टप्पे भरण्याची सोय नसावी याचे मला आश्चर्य वाटते.

वीजवापरावर लक्ष ठेवल्याने बिल उतरते यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि त्याच विश्वासापोटी मी पैसे खर्च केले होते. आता आम्ही स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, जिथे दुधाचा हिशोब लिहितो तिथेच, रोज सकाळी ठरल्या वेळी मीटरचा आकडा टिपतो. शेजाऱ्यांच्या मापकावर सेट-टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही 10 वॉट घेताना दिसला, म्हणजे महिन्याला सव्वासात युनिट. आता रात्री तो भिंतीवरच्या बटणाने बंद होतो. गीझर आंघोळीच्या आधी ठरावीक वेळच चालतो. दिनदर्शिकेवरच्या आकड्यांत या बदलांचा परिणाम स्पष्ट दिसला. आपल्या ॲपमध्ये मात्र तो गृहीतकांच्या गोंधळात हरवून गेला होता. खरे आकडे मिळाले तर सामान्य कुटुंब स्वतःच शहाणे निर्णय घेते, आणि खोटे आकडे मिळाले तर त्याची काटकसर भलत्याच जागी खर्ची पडते. माझ्या सासूबाईंनी तो इशारा ऐकल्यापासून ऐन उकाड्यात स्वतःच्या खोलीतला पंखा बंद ठेवायला सुरुवात केली होती, आणि आम्ही कितीही सांगितले तरी ॲपमधला आकडा त्यांना जास्त खरा वाटत होता. या गोष्टीचा मला जो मनस्ताप झाला त्याची भरपाई मी मागत नाही, परंतु आपल्या आकड्यांवर लोक किती विसंबतात हे आपल्याला कळावे म्हणून ती लिहिली आहे.

आणखी एक बाब. खरेदीच्या वेळी 'ॲप आजीवन मोफत' असे लिहिलेले होते आणि त्या पानाचे छायाचित्र माझ्याकडे आहे. ॲपच्या नंतरच्या अद्ययावत आवृत्तीत तासागणिक वापराचा जुना आलेख बंद करण्यात आला असून तो पाहण्यासाठी वार्षिक वर्गणी मागितली जाते. आलेख मला दिसत नसला तरी माझ्या घराचा तासागणिक वापर आपल्या सर्व्हरवर जमा होतच आहे. घर केव्हा रिकामे असते, माणसे केव्हा झोपतात, हे या नोंदींवरून कोणालाही सांगता येते. ही माहिती किती काळ ठेवली जाते आणि कोणाला दिली जाते, या माझ्या प्रश्नाला आजवर उत्तर मिळालेले नाही.

माझ्या ईमेलला आलेल्या शेवटच्या उत्तरात 'दाखवलेली मूल्ये अंदाजे असून अटी व शर्तींमध्ये तसे नमूद आहे' असे म्हटले आहे. खोक्यावर 98 टक्के अचूकता आणि अटींमध्ये अंदाज, ही दोन्ही विधाने एकाच वस्तूबद्दल खरी असू शकत नाहीत. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(28) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. वस्तूच्या गुणवत्तेबद्दल ग्राहकाची फसगत होईल असे वर्णन तिच्यात स्पष्टपणे येते. त्याच अधिनियमाच्या कलम 2(47) नुसार सदोष वस्तू परत घेण्यास आणि तिची किंमत मुदतीत परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ई-वाणिज्य नियम, 2020 प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. माझ्या पहिल्या ईमेलला पोच मिळाली, निवारण मात्र झाले नाही.

तरी माझी मागणी अशी की, उपकरण आपल्या खर्चाने परत नेऊन त्याची पूर्ण किंमत मला परत करावी, आणि आपल्या सल्ल्यावरून भरलेले मीटर तपासणी शुल्क व फ्रिजच्या दुरुस्तीचा खर्च, ज्यांच्या पावत्या सोबत आहेत, तोही द्यावा. माझ्या घराच्या वापराच्या सर्व नोंदी सर्व्हरवरून पुसून तसे लेखी कळवावे. याशिवाय, आणि हे मी केवळ माझ्यापुरते मागत नाही, 98 टक्के अचूकतेचा दावा खोक्यावरून व संकेतस्थळावरून काढावा, व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टर मोजले जात नाहीत हे ठळकपणे छापावे, आणि ज्या ग्राहकांना ॲपने फ्रिज किंवा अन्य उपकरण सदोष असल्याचा इशारा दिला आहे त्या सर्वांना तो इशारा विश्वसनीय नसल्याचे कळवावे. व्होल्टेजही मोजणारी सुधारित आवृत्ती आपण विकत असल्याचे आपल्याच प्रतिनिधींनी मला सांगितले. ती जास्त पैसे भरून घेण्याचा प्रस्ताव मला मान्य नाही. जे काम पहिल्या उपकरणाने करायचे होते त्यासाठी मी दुसऱ्यांदा पैसे देणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर सांगली येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाण्याची मुभा अधिनियमाच्या कलम 34 ने दिली आहे. तिथवर जाण्याची वेळ न आणता आपण हे प्रकरण मार्गी लावावे, अशी अपेक्षा आहे. आपल्या तंत्रज्ञांना माझ्या घरी येऊन वरील चाचण्या समक्ष करून पाहायच्या असल्यास त्यांनी आधी कळवून अवश्य यावे. उपकरण अजून काढलेले नाही.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
एक ग्राहक, सांगली

सोबत : खरेदीची पावती, मीटर तपासणीचा अहवाल व शुल्काची पावती, फ्रिज दुरुस्तीची पावती, संबंधित महिन्याचे वीजबिल, ॲपमधील नोंदींची व जाहिरातीची छायाचित्रे, चाचणीची चित्रफीत, ईमेल पत्रव्यवहाराच्या प्रती.