तिखटाची बरणी पाठवली आहे

चि. बबीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "आई, ठेवते" म्हणतेस आणि ठेवूनच देतेस. पत्र तसं मधेच ठेवता येत नाही, म्हणून लिहायला बसले. अंगणवाडीचं रजिस्टर भरून झालं, लाईन गेली आहे, बाबा ओट्यावर झोपले आहेत. तुझ्या बोटांबद्दल यात एक अक्षर लिहिणार नाही, हे आधीच सांगते. संक्रांतीला झालं तेवढं पुरे झालं.

त्या दिवशी मी तुला स्टँडवर सोडायला आले नाही, ते माझं चुकलंच. आपली छोटी रेल्वेगाडी चालू असती आणि तू तिनं गेली असतीस, तर मागून येऊन तुला उमरेडला गाठलं असतं, इतकी ती हळू जायची. पण तीही 2019 ला बंद पडली. बस गेल्यावर तू अर्धवट टाकलेला चहा मोरीत ओतला आणि तो कप घेऊन किती तरी वेळ उभी राहिले. तू तो दोन्ही तळव्यांत धरला होतास. थंडी होती म्हणून धरला असशील. पण उन्हं वर आल्यावरही तसाच धरला होतास, बबी. तुझी आजी तसाच धरायची.

घ्या! लिहिणार नव्हते ना मी.

मिरचीचं सांगते. यंदा अर्धाच एकर लावली होती. त्यातही बोकड्या आला, पानं गोळा झाली, बाबांनी दोनदा फवारलं. जी हाती लागली ती मात्र रंगाला अशी लाल, की अंगणात वाळत घातली तर येणारा-जाणारा थांबून बघतो. आपल्या भिवापुरी मिरचीला ते भौगोलिक मानांकन मिळालं, बोर्ड लागले. पण भाव विचारायला गेलं की व्यापारी पहिल्यासारखाच आभाळाकडे बघतो. राघूंनी बांधावरची झाडं साफ केली. बाबा गोफण घेऊन ओरडत होते, तेव्हा मी त्यांना तुझंच सांगितलं. की आग कळायचं जे फाटक आपल्या नसांत असतं, तेच पाखरांच्या अंगातही असतं, पण मिरचीनं ते उघडत नाही, म्हणून त्यांना तिखट लागत नाही. आणि म्हणूनच ती बी खाऊन दूर नेऊन टाकतात. बाबा म्हणाले, "मग भावही पाखरालेच विचार."

तुझा तो फोन मला अजून आठवतो. 2021 चा, नोबेलचा. "आई, मिरचीला नोबेल मिळालं!" मला वाटलं तुझं डोकं फिरलं. मग तू समजावून सांगितलंस की अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्येच शोधून काढलं होतं, मिरचीची आग आणि खऱ्या विस्तवाची आग आपल्या नसांना एकाच फाटकातून कळते. त्याचं नाव मोटारसायकलच्या नंबरासारखं, टीआरपीव्ही-वन. साधारण 43 अंशांच्या पुढे उष्णता गेली की ते आपोआप उघडतं, आणि मिरचीतलं कॅप्सायसिन लागलं की थंडीतही उघडतं. म्हणून हात गार असला तरी जळल्यासारखा वाटतो. मी म्हटलं, एवढं शोधायला अमेरिका काहून पाहिजे होती, आमच्या सातऱ्यावर, मिरच्यांचे देठ खुडतात तिथं, येऊन बसायचं होतं.

खरंच बसायला हवं होतं. दिवसभर देठ खुडायचे, आजूबाजूला ठसका, तोंडाला पदर, आणि संध्याकाळी हात असे की स्वतःच्या केसांना लावायची भीती. तू आठ महिन्यांची होतीस. मी घरी आले की तू दोन्ही हात पुढे करायचीस आणि मी मागे सरायची. एकदा राहवलं नाही, घेतलं. पाण्यानं हात चांगले धुतले होते मी. तुझ्या गालावर बोटं टेकली आणि तू जी किंचाळलीस! आजी धावत आली, तुला माझ्याकडून ओढून घेतलं, गालाला गोडं तेल चोळलं आणि मला म्हणाली, "पाण्यानं जात नाई वो बाई ते, तेल लाव." पुढे तू शिकून सांगितलंस की ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आजी चौथीसुद्धा शिकली नव्हती.

तुझ्या पीएचडीच्या जाड पुस्तकात पहिल्या पानावर तू "सातऱ्यावरच्या बायकांना" असं लिहिलंस. मास्तरांनी वाचून दाखवलं. मी सगळ्या बायकांना सांगत फिरले. पण रात्री वाटलं, एकटं माझं नाव लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? हे आज पहिल्यांदाच सांगते आहे. राग नाही.

आता जे लिहायचं नव्हतं तेच लिहिते, एकदाच. सूज आली की तिथं कसली कसली रसायनं सुटतात आणि त्या फाटकाची कडी ढिली होते, मग 43 काय, अंगाच्या 37 अंशांच्या उबेनंही ते उघडतं, हे तूच मला चुलीसमोर बसून सांगितलं होतंस. हेही सांगितलंस की फाटकच बंद करायचं औषध काढून पाहिलं, तर माणसांना ताप चढला आणि गरम पाणी गरम आहे हेच काहींना कळेना. एवढं सगळं तुला येतं. मग मी फक्त विचारलं, "सकाळी बोटं किती वेळ आखडलेली राहतात?" तर म्हणालीस, "मी यावरच काम करते, मला कळतं."

आजीलाही कळत होतं. "मले काई नाई झालं, हात आखडले जरासे." असं चार वर्षं. गावातला एक जण सुई टोचायचा, की आठ दिवस हात मोकळे, पुन्हा तेच. त्या सुईत काय होतं ते आम्ही कधी विचारलं नाही. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि आधी माझ्याकडेच बघितलं. आमवात आहे म्हणाले, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली. मी दर सोमवारी कॅलेंडरवर गोल करायची. सूज उतरली, पण वाकडी झालेली बोटं सरळ झाली नाहीत. शेवटी शेवटी तिला वातसुद्धा वळता येत नव्हती, आणि ती कोणाला वळू द्यायचीही नाही.

मी लेक्चर देते आहे, मला दिसतंय. तू तीस वर्षांची आहेस, पेशींशी बोलतेस, मी काय शिकवणार? माफ कर. पण बायकांना हे दुखणं पुरुषांपेक्षा जास्त होतं आणि घराण्यात असलं तर आणखी, हे मी आशाताईच्या पुस्तकात वाचलं. तुमच्याच आवारात दवाखाना आहे म्हणतेस. आमवाताच्या त्या रक्ताच्या तपासण्या, आरए फॅक्टर आणि दुसरी ती अँटी-सीसीपी, दोन्ही करून घे. काही निघालं नाही तर मला खुशाल शिव्या दे. निघालं तर... निघालं तरी आता वेळेवर औषध घेतलं की बोटं सहसा वाकत नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या बारीक नळ्यांतून थेंब थेंब सोडायचं काम तू करतेस, अंगठ्यानं दाबून दाबून. ते मला व्हिडिओवर दाखवलं होतंस, तेव्हापासून मी अंगठाच बघते.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते विचारतात, "पोरगी काहून रुसली?" मी म्हणते, कामात आहे.

पार्सल सोमवारी टाकलं. त्यात दोन किलो तिखट आहे, घरच्याच मिरचीचं, डंकावर माझ्यासमोर कुटलेलं. तीळगूळ राहिला होता तोही घातला आहे. तिखटाच्या बरणीचं झाकण मी मुद्दाम घट्ट लावलं नाही, वरून चिकटपट्टी गुंडाळली आहे. ती कात्रीनं काप, नखानं ओढत बसू नको. वाटेत थोडं सांडलं असेल तर बोलू नको.

तुझी,
आई