काका, तुम्ही नुसतं ‘छान’ म्हणाला नाहीत

प्रिय काका,

सादर नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही चहाचं विचारता, म्हणून हे चार लोकांसमोर लिहितो आहे.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. वॉरहॅमर हा टेबलावर मांडायचा युद्धखेळ. त्यातले ड्वार्फ (दाढीवाले बुटके), ऑर्क (हिरव्या कातडीचे राक्षस), एल्फ (टोकदार कानांचे), हाडांचे सापळे हे सगळे जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढे, आणि विकत घेताना बिनरंगाचे. साच्यातून कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे, हे ज्याचं त्याने करायचं. खेळ १९८३ साली आला. त्याच्या मिनिएचर, म्हणजे या छोट्या मूर्ती, बनवणारी सिटाडेल कंपनी त्याआधी १९७९ मध्ये आमच्या नॉटिंगहॅमजवळच्या न्यूअर्कला सुरू झाली होती. म्हणजे आम्ही राहतो तिथलीच ही कला, आणि काका ती अगदी सुरुवातीपासून करत आलेले.

मी शाळेत असताना रंगवायचो. पुढे नोकरी आणि संसारात ते सुटलं. २०१५ मध्ये खेळ काढणाऱ्या कंपनीने काल्पनिक जुन्या जगातला तो मूळ खेळच थांबवला, तेव्हा परतायला निमित्तही उरलं नाही. २०२४ च्या जानेवारीत तो ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने परत आला, सैनिकांच्या पायाखाली पुन्हा पूर्वीसारखे चौकोनी बेस (बैठका) आले, आणि मी माळ्यावरचा डबा खाली काढला. पण चाळिशी लागलेली. हातभर अंतरावरचं स्पष्ट दिसे, वीतभर अंतरावरचं नाही, आणि हे काम तर वीतभर अंतरावरच चालतं. डबा पुन्हा वर ठेवायचा विचार पक्का होत होता. मंडळाच्या गणपतीत सहज विषय निघाला आणि तुम्ही म्हणालात, “शनिवारी डबा घेऊन ये.”

पहिला शनिवार निव्वळ डेटॉलचा! जुना रंग उतरवायला ब्रिटनमधले जुने खेळाडू तपकिरी डेटॉल वापरतात, हे मला तुमच्याकडे कळलं. मिनिएचर रात्रभर त्यात बुडवून ठेवायच्या, सकाळी हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासायच्या, आणि घासतानाही ब्रश डेटॉलमध्येच बुडवायचा. रंग सुटण्याआधी पाणी लागलं तर त्याचा चिकट गोळा होतो. ॲसिटोन फक्त धातूला चालतं, प्लास्टिक त्यात विरघळतं. १९९७ च्या आधीच्या धातूच्या मिनिएचरमध्ये शिसं असतं, म्हणून त्या कोरड्या कानशीने घासायच्या नाहीत आणि काम झालं की हात धुवायचे. तुमच्या स्वयंपाकघरात दवाखान्याचा वास भरला होता आणि काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनाही नमस्कार.

डोळ्यांसाठी तुम्ही कपाळावर बांधायचं भिंग दिलंत आणि दिवा डाव्या हाताला हलवलात. माझा तीन शून्यांचा ब्रश बाजूला ठेवून एक नंबरचा सेबलचा (सेबल प्राण्याच्या केसांचा) हातात दिलात. इतक्या बारीक ब्रशच्या पोटात रंग मावत नाही, टोक मिनिएचरपर्यंत पोचेस्तोवर तो सुकतो. टोकदार असेल तर जाड ब्रशच बरा. डब्यात ओला किचन पेपर, त्यावर बेकिंगचा कागद, अशी ओली पॅलेटही तुम्हीच करून दिलीत. त्यावर ॲक्रिलिक रंग तासन् तास ओला राहतो.

पण हे सगळं मला शोधून कुठेतरी सापडलं असतं. जे सापडलं नसतं त्यासाठी हे पत्र आहे.

घरी मी काहीही रंगवून दाखवलं की सगळे ‘छान’ म्हणतात, प्रेमाने म्हणतात. तुम्ही माझा ड्वार्फ दिव्याखाली बराच वेळ फिरवून पाहिलात आणि विचारलंत, “झग्याच्या घड्या सगळीकडून सारख्याच काळ्या आहेत. उजेड येतोय कुठून?” मग तुम्ही समजावलंत. एवढ्या लहान वस्तूवर खऱ्या सावल्या दिसण्याइतक्या पडतच नाहीत, म्हणून त्या आपण रंगवायच्या. दुसरा ड्वार्फ तुम्ही काळ्या प्रायमरने (रंगाआधीच्या पहिल्या थराने) झाकलात आणि वरून, तिरक्या कोनातून पांढरा फवारा मारलात. टोपाचा माथा, नाक, दाढीचा वरचा भाग उजळला. काखेत आणि पट्ट्याखाली काळं राहिलं. “याचा फोटो काढून ठेव, हाच तुझा नकाशा.” त्या शनिवारनंतर मी बसमधल्या माणसांच्या खांद्यांवरचा उजेड पाहायला लागलो.

काका, माझं काम इतक्या बारकाईने आजवर कोणी पाहिलं नव्हतं. चूक नेमकी कुठे आहे हे सांगायला समोरच्याच्या कामावर आपला वेळ घालवावा लागतो. तुमच्या स्वतःच्या टेबलावर अर्धवट रंगवलेला ड्रॅगन उभा असताना तुम्ही तो वेळ माझ्या एका ड्वार्फवर घालवलात. मी परत आलो तो त्या प्रश्नामुळे. अख्खं सैन्य कधी पुरं होईल याची आता मला घाई नाही.

सध्या ऑर्क घेतला आहे. हिरव्या कातडीची सावली गडद हिरव्याने न करता तांबूस तपकिरी रंगाने करून पाहिली, हिरवा एकदम जिवंत झाला. गालफडाखाली मात्र जरा जास्तच तांबडं दिसतंय, ते तसंच ठेवावं की वरून पातळ हिरवा फिरवावा, ते ठरत नाहीये. शनिवारी घेऊन येतो.

तुमचा,
शनिवारचा विद्यार्थी