रस्त्याकडची एक एकर

पुणे,
23 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता आणि मग निम्मी आळी ऐकते. शिवाय मी जरा मुद्द्यावर आलो की "बरं बरं, ठेव, बॅलन्स जाईल" म्हणता. बॅलन्स जायचे दिवस संपून किती वर्षं झाली! म्हणून कागदावर लिहितोय. बाबा, आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका. गाळलंत तरी उपयोग नाही, याचा फोटो ताईला गेलाय.

आधी एक सांगून टाकतो. वाघोलीच्या फ्लॅटचं बुकिंग मी गेल्या सोमवारी रद्द केलं. भरलेले एकावन्न हजार थोडे कापून परत मिळतील. म्हणजे रस्त्याकडची एकर आता विकायची नाही. त्या प्लॉटिंगवाल्याला तुम्ही शब्द दिलाय हे मला माहीत आहे, पण इसार झालेला नाही. शब्द माझ्या नावावर मोडा. "पोरानं ऐन वेळी माघार घेतली" असं खुशाल सांगा.

तुम्ही पारावर सगळ्यांना सांगून बसलात की पोराचं पुण्यात घर होतंय. आईनं तर वास्तूला नेसायची साडीही ठरवली असेल. ते आठवलं की माझाच घास अडतो. पण सरळ हिशोब बघा. तुमची एकर घालूनही माझ्या डोक्यावर तेहतीस लाखांचं कर्ज राहत होतं. वीस वर्षं, महिन्याला अठ्ठावीस हजारांच्या वर हप्ता. आम्हा दोघांचा मिळून पगार सत्तावन्न हजार. घेतले तेहतीस आणि फेडायचे अडुसष्ट. तुम्ही सावकाराला शिव्या घालता, हा तर टाय लावून येतो आणि आपण त्याला चहा पाजतो.

दिवाळीत तुम्ही मला ते पेपरातलं कात्रण दिलंत, लाल पेनानं गोल केलेलं. सरकारच्या 2023-24 च्या पाहणीत देशातला खेड्यातला माणूस महिन्याला 4,122 रुपये खर्च करतो आणि शहरातला 6,996. शेजारी तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, "तूच बघ." मी ते पाकिटात ठेवलंय. बाबा, आकडा बरोबर आहे. पण शहरातला माणूस जे जास्तीचे खर्चतो, ते सगळे काही सुखावर जात नाहीत. आमचे चौदा हजार भाड्याला जातात. पेट्रोलचे वेगळे, पिंटूच्या स्कूलव्हॅनचे वेगळे. उन्हाळ्यात सोसायटी टँकरची वर्गणी काढते. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा अख्ख्या देशानं बघितलं. इथं रोज टँकर येतात, त्यांच्याकडे कुणी मान वळवूनही बघत नाही.

तरी मी खोटं बोलणार नाही. एक तारखेला पगार येतो. भादव्यात ढग फुटो की आषाढात पाऊस दडी मारो, तो येतो. पिंटूला मध्यरात्री ताप भरला तर दहा मिनिटांत डॉक्टर मिळतो. सुनंदा स्कूटीवर एकटी कामाला जाते आणि संध्याकाळी कुठं गेली होतीस म्हणून कुणी विचारत नाही. गावात राहिली असती तर एवढी शिकलेली बाई डोक्यावर पदर घेऊन तुमच्यासाठी चहा करत बसली असती. आई, राग मानू नकोस, तुलाही हे पटतं. ताईच्या वेळी "काही झालं तरी शेतकरी नको" असं तूच म्हणाली होतीस. घरात सहा एकर असताना!

आमच्या सोसायटीचा वॉचमन रेणापूरकडचा आहे. पाच एकर आहे त्याला गावी. इथं जिन्याखालच्या खोलीत चौघं राहतात, पगार चौदा हजार. परवा म्हणाला, "साहेब, शेतावर होतो तोवर तीन ठिकाणी नकार आला. वॉचमन झालो आणि चार महिन्यांत लग्न जमलं." मला हसू आलं, मग नाही आलं. आपला दत्ता चौतीसचा झाला. निर्व्यसनी, घरची आठ एकर, हातात ट्रॅक्टर, आणि अजून तसाच. 2022 ला सोलापुरात पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर हसत होतात. दत्ता उठून बाहेर गेला होता. मी बघितलं होतं.

आणि शहर मोकळं आहे असं म्हणतात, तेही अर्धंच खरं. भाड्याचं घर बघताना मालकांनी आधी आडनाव विचारलं, मग पगार. गावात एवढंच की विचारावं लागत नाही, सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं.

आता वहीबद्दल. दिवाळीत तुम्ही झोपल्यावर मी तुमची हिशोबाची वही काढून बघितली, फोटोही काढले. चोरी ती चोरीच. यंदाचं सोयाबीन, चार एकर. पावसानं शेंगा उभ्या झाडावर कुजल्या, तरी एकरी साडेतीन क्विंटल निघालं. सरकारी खरेदी केंद्रावर 5,328 चा हमीभाव, पण ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. भिजलेलं सोयाबीन अंगणात किती दिवस वाळवायचं? आडतीवर 4,100 नं घातलंत. आले 57,400. डीएपी खताची 1,350 ची गोणी, बियाणं, तीन फवारण्या, काढणी, मळणी, सगळं मिळून गेले 54,900. शिल्लक अडीच हजार. त्याखाली तुम्ही दुहेरी रेघ मारलीत, समाधानानं. ती रेघ बघून मला झोप आली नाही.

बाबा, आईची खुरपणी कुठं लिहिलीत? मी तिला विचारलं, तर "कुठले दिवस धरतोस, रिकामीच होते" म्हणाली. बावीस दिवस भरतात. तीनशे रोजानं सहा हजार सहाशे. शेजारच्या वावरात गेली असती तर हातावर मोजून घेतले असते. म्हणजे अडीच हजारांची शिल्लक नाहीच, चार हजार शंभरचा खड्डा आहे. तुमचे दिवस तर मी अजून धरलेच नाहीत. शहरात माझा तास न् तास मोजला जातो, उशीर झाला तर पैसे कापतात, मला त्याचा वैताग येतो. तुमचा मात्र कुणीच मोजत नाही, आणि तुम्हीही नाही. माझ्या मते गाव आणि शहरातला खरा फरक एवढाच आहे, बाकी त्या कात्रणातलं सगळं त्यामागून येतं.

2021 च्या ऑगस्टात लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं, आठवतं? तुम्ही रोज भाव मोठ्यानं वाचायचात. घरात तेव्हा पोतंभरही नव्हतं. आपली रास झाली तोवर भाव उतरला. तुमचं कुठं चुकलं नव्हतं हो. अख्ख्या राज्याचंच आपल्यासारखं झालंय. 1970-71 ला महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती, 2015-16 ला 1.34. आजोबांची चोवीस एकर चौघांत वाटली, तुमच्या वाट्याला सहा आली, उद्या ताईची आणि माझी तीन-तीन. म्हणून तर ती एक एकर मला विकू द्यायची नाही. मी परत येऊन शेती करीन असं मात्र म्हणत नाही. ते म्हटलं तर तुम्ही खूश व्हाल आणि मी खोटा ठरेन.

आता जे गाळायचं नाही म्हणालो ते.

तुम्ही रात्री दोनला मोटार चालू करायला गेलात आणि पाटात घसरून पडलात. दोन आठवडे झाले. आईनं मला "बाबांचा गुडघा जरा धरलाय, थंडी आहे" असं सांगितलं. आई, तू मला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल चिमटे काढायचीस! दत्तानं सांगितलं म्हणून कळलं. बॅटरी बंद पडली होती, फोन घरी होता, तुम्ही बांधावर अर्धा तास बसून होतात. लाईट रात्रीची येते हा तुमचा दोष नाही. पण एकाहत्तराव्या वर्षी तिच्या वेळेला उठून जाणं, हा आहे.

म्हणून मी दत्ताशी बोललो. पाडव्यापासून पाच एकर तो ठोक्यानं, म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून, करील. वर्षाचा ठोका निम्मा पाडव्याला, निम्मा दिवाळीला, तुमच्या हातात. माझ्या नाही. विहिरीकडचा एक एकर तुमचा. तिथं हरभरा लावा, आईला मेथी लावू द्या, नाहीतर नुसते जाऊन बसा. सातबारा तुमच्याच नावावर राहतो आणि बैलांना तुमच्याच हातची वैरण. फक्त रात्री जायचं नाही. हे तुम्हाला न विचारता ठरवलं. चूक आहे, कळतंय.

पण बाबा, भूकंपाच्या त्या वर्षी गणपती पोचवून आल्यावर तुम्ही तरी कुणाला कुठं विचारलं होतंत? सगळ्या गोधड्या अंगणात टाकल्यात. आई केवढी चिडली होती, लेकरांना थंडी बाधेल म्हणून. मी सहा वर्षांचा होतो, मला अजून पहाटेचा तो आवाज आठवतो, आणि तुमचा हात. माळवद पडल्यावरची धूळ खाली बसेपर्यंत तुम्ही माझे डोळे झाकून धरले होते. नंतर वर्षभर पत्र्याच्या शेडात आई आम्हा दोघांच्या छातीवर एकेक हात ठेवून झोपायची. तिचे हात भरून येत असतील, तेव्हा आम्हाला काय कळणार. तुम्ही मला अजून कधी सांगितलं नाहीत की त्या रात्री बाहेर झोपायचं का सुचलं. मलाही हे असंच सुचलं असं धरा.

येळवसेला, मार्गशीर्षाच्या अमावास्येला, आम्ही तिघं येतो. शेतातली कडब्याची कोप मी बांधतो, तुम्ही खाटेवर बसून चुका काढा. आई, भज्जी आणि आंबील तुझ्याच हातची, बाकीचं सुनंदा आणि ताई बघतील. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं आमच्याबरोबर पुण्याला. कायमचं नाही. गुडघा दाखवायचा, बाबांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आणि पाडव्याच्या आधी परत. मी स्वतः आणून सोडीन.

इथली काळजी करू नका. घर पहिल्या मजल्यावर आहे, चौदाच पायऱ्या. संडासात खुर्चीचं भांडं आहे, शेजारी धरायला दांडी बसवून घेतली. आंघोळीला गरम पाणी नळालाच येतं. ज्वारी गावाकडचीच आणू, खाली गिरणी आहे, गिरणीवाला बार्शीचा आहे, त्याला आपली ज्वारी कळते. गॅलरीत सकाळचं ऊन येतं, तिथं बाबांची खुर्ची आणि तुझी तुळस. दोन गल्ल्या सोडून विठ्ठलमंदिर आहे, संध्याकाळी हरिपाठ असतो, निम्म्या बाया मराठवाड्यातल्याच. तुला जाऊबाई नसल्याची उणीव भासणार नाही, भांडायलाही मिळतील. पिंटूनं त्याचा पलंग बाबांना दिलाय आणि स्वतः खाली झोपायची प्रॅक्टिसही सुरू केलीय. वाकळ मात्र तुझीच आण, तो विकतच्या रजईत झोपत नाही.

आता सांगतो ते करा. सत्तरीच्या वरच्यांना पाच लाखांपर्यंतचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, बाबांनी आधार घेऊन या आठवड्यातच काढून घ्यायचं. दत्ता गाडीवर नेईल. "बघू" चालणार नाही. बीपीची गोळी रोज घ्यायची, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. एसटीत दोघांनाही अर्धं तिकीट आहे, आधार वरच्या खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. आई, तुझ्या खात्यात येणारे लाडक्या बहिणीचे दीड हजार खताला द्यायचे नाहीत. तुझ्या नावाचं पहिलं पासबुक आहे ते. बाबांनी मागितले तर माझं नाव सांग. गोठ्यातल्या चांदीचं दूध दत्ताची आई काढेल, तिच्याशी बोललोय. चांदीला लाथ मारायची सवय आहे हे मी तिला सांगितलं नाही, तू सांग.

बाबा, राग आला तर दोन दिवस फोन घेऊ नका. तिसऱ्या दिवशी घ्या.

तुमचा,
बाळू

ता. क. प्लॉटिंगवाला पुन्हा आला तर चहा द्या आणि माझा नंबर द्या. रस्त्याकडच्या चिंचांना यंदा भरपूर आकडे लागलेत असं दत्ता म्हणाला. त्या तोच झोडील. तुम्ही झाडावर चढायचं नाही, बाबा. खालून काठीनंसुद्धा नाही.