गोळी कधी बंद करायची, तेही चिठ्ठीवर लिहा

संपादक, स. न.

आमच्या सासूबाई ७९ वर्षांच्या. दर चातुर्मासात लक्षवात वळणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी चक्कर यायची म्हणून गावातल्या डॉक्टरांनी सिनारिझिन दिलं. चक्कर पंधरवड्यात थांबली, गोळी थांबली नाही. जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला पट्टी काढून द्यायचा. आम्हीही आणत राहिलो, तेवढा दोष आमचा.

वर्षभरात हात थरथरू लागले. बशीत चहा ओतताना निम्मा साडीवर. कापूस बोटांत धरवेना. 'वय झालं, कंपवात आहे,' म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू झालं. मग सासूबाई रात्री उठून मामंजींना हाका मारू लागल्या. मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली. त्यावर झोपेसाठी अल्प्राझोलाम. एका पहाटे मोरीत पडल्या, मनगट मोडलं.

हाडाच्या दवाखान्यातल्या फिजिशियनबाई म्हणाल्या, "घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा." सिनारिझिननेच म्हातारपणी हात कापू शकतात, त्यावरच्या गोळीने भ्रम होतो, भ्रमावरच्या गोळीने तोल जातो. म्हणजे पहिलीचं निस्तरायला दुसरी आणि दुसरीचं निस्तरायला तिसरी! सिनारिझिन त्यांनी त्याच दिवशी तोडलं. बाकीच्या दोन हळूहळू उतरवल्या. झोपेची गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, हे दोनदा बजावलं. चार महिन्यांनी सासूबाईंनी पुन्हा कापूस हाती घेतला. डावा हात अजून किंचित थरथरतो, वात जाड होते, की स्वतःवरच चिडतात.

वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ साली केली, ती आजही सुधारली जाते. पण सिनारिझिन तिथे विकलंच जात नाही. तिकडची यादी जशीच्या तशी उचलून आपलं भागणार नाही. आणि अल्प्राझोलामची विक्री नोंदवहीत लिहायचा नियम २०१४ पासून आहे. आमच्या मेडिकलात ती वही निघालेली मी एकदाही पाहिली नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी म्हातारी माणसं येतातच. सहा महिन्यांतून एकदा त्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून पाहावी. खासगी डॉक्टरांनीही गोळीपुढे सकाळ-संध्याकाळ लिहितात, तसं 'अमुक तारखेपर्यंत' एवढं लिहावं, म्हणजे आमच्यासारख्यांना कळेल.

— एक निवृत्त शिक्षिका, वाई